रस्त्याची आणेवारी

आमच्या शाळेच्या दारात रोज सकाळी पिवळ्या बस येऊन थांबतात आणि पोरं त्यांतून अशी तोंडं पाडून उतरतात, की कुणी त्यांना बाजारात विकायलाच आणलंय. मी दौंडला मास्तरीण आहे. रागीट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण हा राग वेगळा. वाटतं, एकेकाला धरून सांगावं, बाळा, दारातून गाडी सुटते म्हणजे काय हे तुला ठाऊकच नाही. एका गाडीपायी अख्खं गाव येडं झालेलं मी पाहिलंय.

आमची कुरणवाडी शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या काठाला. गावाला एकच एसटी होती, मुक्कामी. संध्याकाळी शिरूरहून यायची, मारुतीच्या पारासमोर रात्रभर झोपायची आणि उजाडताना परत निघायची. ड्रायव्हर मच्छिंद्रमामाचा डबा गावातून पाळीपाळीनं जाई. आमच्या बौद्धवस्तीची पाळी पहिल्यांदा आली, तेव्हा दोन-चार जणांनी माना वळवल्या होत्या. मामानं तो डबा पारावरच सगळ्यांदेखत उघडला, बोटं चाटत खाल्ला आणि वर विचारलं, "आमटीला येसूर कुठला घातलाय वैनी?" ती वैनी म्हणजे माझी आई ताईबाई. ती देव मानत नाही, पण त्या दिवसापासून मच्छिंद्रमामाला देवमाणूस म्हणायला लागली.

त्या गाडीनं शिरूरच्या कॉलेजात जाणाऱ्या गावातल्या मुली दोनच. एक मी आणि दुसरी सुलक्षणा, सर्जेरावांची मुलगी. सर्जेराव म्हणजे गावाचे आबा. नदीवर मोटर, शंभर माणसांना पुरेल एवढा ऊस आणि सरपंच कुणीही असला तरी शेवटचा शब्द त्यांचा. माझे वडील कोंडिबा त्यांच्याच उसाला दारं धरायचे. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत दिवसभर चिखलात उभं राहायचं, हे त्यांचं काम. सुलीचे आबा मालक आणि माझे आप्पा चाकर, पण गाडीत आमची सीट एक. खिडकी आळीपाळीनं.

गोष्ट नव्व्याण्णवच्या पावसाळ्यानंतरची आहे. न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंतचा आमचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी पार चाळून निघाला होता. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटायचे, आणि पाटा तुटला की आम्ही दोघी कॉलेजला दुपारी पोचायचो. एका संध्याकाळी मच्छिंद्रमामा पारावर बसून सगळ्यांना म्हणाला, "मंडळी, वाईट वाटून घिऊ नका. वरून सांगणं आलंय. रस्ता न्हाई सुधारला, तर नव्या सालापासून मुक्कामी गाडी बंद."

घरी आल्यावर आप्पा पाय धुता धुता म्हणाले, "गाडी हाय तवर कॉलेज. गाडी बंद, कॉलेज बंद."

मी तणतणले. ते काही ओरडले नाहीत. फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी डोक्याइतका ऊस, मधे वस्ती नाही, सायकलवर पोरगी एकटी कशी पाठवायची, एवढंच म्हणाले. खरं कारण आणखी एक होतं. पाबळचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा वेल्डिंग शिकलेला, सरळ, निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती आणि माझा सगळा राग त्या बिचाऱ्यावरच होता. मला बारावी करून डी.एड. करायचं होतं. गाडी बंद पडली की उन्हाळ्यात माझ्या हातावर मेंदी पडणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

आणि नेमका ज्योतिषीच आला.

म्हणजे गावानं त्याला ज्योतिषी केलं. तो होता सत्यजीत, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पुढचं शिकणारा, पंचविशीचा, उन्हानं नाकाची साल निघालेला मुलगा. रस्ता कधी आणि किती खराब होणार, हे तो खराब व्हायच्या आधीच काढायचं, असं त्याचं काम. बांधकाम खात्यानं तालुक्यातले काही रस्ते त्याला नेमून दिले होते. तो वाकून वाकून रस्त्यावर खडूनं चौकोन आखायचा आणि त्यातल्या भेगा मोजायचा. हे सगळं, वरचा पाऊस आणि जाणारी वजनं पुण्याच्या कॉम्प्युटरमध्ये घातली, की रस्त्याचं उरलेलं आयुष्य बाहेर येतं म्हणे.

"मंजे रस्त्याची पत्रिका!" संपत म्हणाला. संपत गावातला सगळ्यात जुना नवरदेव, तिशी उलटली तरी अंगाला हळद नाही. "सायेब, त्याच कम्पूटरात जरा आमचंबी घालून बघा की. लगीन कवा हाय?"

"आधी तुमच्यावरच्या भेगा मोजाव्या लागतील," सत्यजीत सर म्हणाले आणि अख्खा पार हसून हसून कलंडला. तिथून पुढं ते गावाचे झाले.

सरांना माणसं पाहिजे होती. फाट्यावर आठवडाभर बसून जाईल ते वाहन लिहायचं. दिवाळीची सुट्टी होती. दिवसाची पाळी मी मागून घेतली. बाभळीखाली खुर्ची, मांडीवर फळी, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सायकल वेगळी, बैलगाडी वेगळी, ट्रक वेगळा, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वेगळा. सरांनी एकच नियम सांगितला होता, "पुढून जाईल ते लिहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही." आयुष्यात मला खुर्ची मिळालेलं ते पहिलं काम. मी ताठ बसायचे.

इकडं पारावर सर्जेरावांनी बैठक घेतली. खरं तर त्यांचं म्हणणं ऐकलं तर कुणालाही पटलं असतं. "मोजणी आत्ता, दिवाळीत," ते म्हणाले. "कारखाना सुरू व्हायला टाइम हाय. ट्रॅक्टर सगळं घरी. मंजे रस्ता मोकळा दिसनार, आन् मोकळ्या रस्त्याला कोन डांबर देतंय? आरं, आणेवारीला तलाठी येतो तवा आपन काय दावतो? मळ्यातला ऊस दावतो, का माळावरची बाजरी?"

आणेवारी आमच्याकडं पोरांनाही कळते. पिकाचा अंदाज रुपयात किती पैसे, असा लावायचा. पन्नासच्या खाली आला की गाव दुष्काळी आणि सवलती चालू. म्हणून गावात अंदाज करायला माणूस आला, की वाईटात वाईट ते पुढं करायचं. ही लबाडी आहे असं कुणाला कधी वाटलं नाही. पाहुण्याला पाणी द्यावं तितकं ते सवयीचं होतं.

"आपन खोटं कुठं करतोय?" सर्जेराव म्हणाले. "हंगामात जे जानार, तेच आत्ता जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी आबांच्या शब्दातला बन्सी आपला लाल ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट घेऊन माझ्यासमोरून गेला. ट्रॉल्यांत माती भरलेली. थोड्या वेळानं परत आला. मग परत गेला. मागोमाग आणखी पाच-सहा ट्रॅक्टर. दुपारपर्यंत फाट्यावर अशी वर्दळ झाली की चहाच्या टपरीवाल्यानं दुसरा स्टोव्ह पेटवला. बन्सी दर फेरीला मला हात करायचा, शेवटी शेवटी तर गाणं म्हणायला लागला. मी रेघा ओढत होते आणि हसत होते. एकेक आडवी रेघ ओढली की मला वाटे, गाडी जरा आणखी पक्की झाली.

पुढच्या हप्त्यात सर दुसरं यंत्र आणणार होते. एक लांबलचक दांडी असते. भरलेला ट्रक उभा करायचा, दांडीचं टोक मागच्या जोडचाकांच्या फटीत टेकवायचं आणि ट्रक हळूच पुढं न्यायचा. वजनानं दबलेला रस्ता केसभर वर येतो. तो केस मोजायचा. जास्त दबला म्हणजे खालची जमीन कच्ची. हे सरांनीच पारावर हौसेनं समजावून सांगितलं होतं. सांगायला नको होतं.

सर्जेरावांनी आप्पांना बोलावलं. "कोंडिबा, रस्त्याकडच्या चारीत पानी सोड. हप्ताभर ऱ्हाऊ दे."

"रस्ता खचंल की आबा."

"खचू दे. नवाच व्हनार हाय."

आप्पांनी पाणी सोडलं. हुकूम होता म्हणून सोडलं, आणि घरी कॉलेजला जाणारी मुलगी होती म्हणूनही सोडलं. उसाला दारं धरणारा माणूस रस्त्याला दारं धरत होता. आई म्हणाली, "डांबराला कोंब फुटत्यात का बगा." त्या आठवड्यात गाव कसं खुशीत होतं! सगळ्यांचं एक काम, सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी बोलायचं नाही. पाटलांच्या आळीतल्या बायका आमच्या वस्तीवर येऊन आईला डोळे मिचकावून जात. तसे दिवस गावात पुन्हा आले नाहीत. चूक होती ती आमची, पण तिच्याइतकं गोड मला फार थोडं काही आठवतं.

ट्रक आला, दांडी लागली. सर तबकडीवरचा काटा बघून पुन्हा पुन्हा कपाळाला आठ्या घालत होते. गाव त्या आठ्यांवर खूश होतं.

महिन्याभरानं एका रविवारी सर परत आले. निरोप पत्रानं धाडता आला असता, पण त्यांना तो तोंडानं द्यायचा होता. पारावर गाव जमलं. सर्जेराव मधोमध, आमची माणसं नेहमीसारखी कडेला, लिंबाखाली.

"हा रस्ता मी का घेतला होता, सांगू?" सर म्हणाले. "तो अगदी वेळेवर सापडला होता. माणसाला चाळिशीत औषध सुरू केलं, तर पुढं धड चालतो. साठीला नेलं तर ऑपरेशनच करावं लागतं. रस्त्याचं तसंच आहे. योग्य वयात डांबराचा एक थर दिला, तर तो बरीच वर्षं टिकतो. म्हणून खातं आता आधी त्याच रस्त्यांना थर देणार, जे थरानं वाचतील. तुमचा त्यातला पहिला असेल, असं मला डोळ्यांना दिसत होतं."

"मग?" संपत म्हणाला.

"मग आकडे आले. वाहतूक अफाट. मी कारखान्याकडून हंगामातल्या ट्रॅक्टरांचा आकडा घेतलाच होता, तो त्यात मिळवला तर दुप्पट. आणि खालची जमीन पार पोचट. हा रस्ता थरानं वाचत नाही. तो मुळातून उकरून नवा करायला लागणार. त्याला वेगळी मंजुरी. कधी येईल, मी सांगू शकत नाही. दोन वर्षं, पाच वर्षं. तोवर फक्त खड्डे बुजवतील."

"मंजी पैला नंबर न्हाई आपला?"

"यादीत नंबरच नाही. यादी बुधवारी जाते."

मच्छिंद्रमामा गाडीच्या पायरीवर बसला होता, त्यानं मान खाली घातली. पाबळ, मेंदी, वेल्डिंगचा चष्मा लावलेला नवरा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी सर्जेरावांकडं बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी. ते टोपी काढून तिच्या आतली शिवण बघत होते. मी उठायला गेले, तर आईनं माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ राहिला.

आणि लिंबाखालून आप्पा उठले. गावकीत आप्पांना बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"सायेब," ते म्हणाले, "चारीत पानी मी सोडलं व्हतं."

"कसलं पाणी?"

"दांडी लावायच्या आदी. रस्ता पोचट लागावा म्हून."

सरांना आधी कळेचना. मग कळलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

आप्पांनी कुणाकडंही पाहिलं नाही. सगळा पार त्यांच्याकडं बघत होता आणि मी सर्जेरावांच्या टोपीकडं.

"माजी पोरगी त्या गाडीनं जाती," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, आसं केल्यानं रस्ता लवकर व्हईल. आन् ट्रॅक्टर त्येच त्येच फिरलं. पोरगीच मोजीत व्हती. तिला इचारा."

मी उभी राहिले. "हो सर. बन्सीदादाचा ट्रॅक्टर तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबलाच नाही. तुम्ही म्हणाला होतात, पुढून जाईल ते लिहायचं."

सर लाल झाले. "अहो, मी तुमच्याच भल्याचं काम करतोय आणि तुम्ही मलाच फसवता? हे खोटे आकडे माझ्या सहीनं गेले असते!" ते जीपमध्ये बसले आणि दार आपटून निघून गेले. परत येतो म्हणाले नाहीत.

मग गावाला कंठ फुटला. कोंडिबानं गावाची अब्रू घालवली म्हणे. आठ दिवस डोळे मिचकावणाऱ्या बायका आमच्याकडं पाठ करून निघून गेल्या. सर्जेराव टोपी घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गाडीत सुलीनं खिडकी मला दिली. पाळी तिची होती. फाटा ओलांडल्यावर म्हणाली, "आबा काल जेवलं न्हाईत."

"आमच्यातबी कुणी जेवलं न्हाई," मी म्हणाले.

आप्पा त्या दिवसापासून सर्जेरावांच्या उसात गेले नाहीत. बन्सी बोलवायला आला, "आबा म्हनत्यात, पानी खोळंबलंय. राग धरला न्हाई त्यांनी."

"त्यांनी न्हाई धरला, ते ठीक हाय," आप्पा म्हणाले. "त्यांनी पानी सोडाया सांगितलं, याचं मला काय न्हाई. पन मी हुबा ऱ्हायलो तवा ते बसून व्हते. दारं धराया दुसरा बघा म्हनावं."

आणि ते दौंडला गेले, रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलायला. वयाच्या पन्नाशीत. शनिवारी रात्री घरी यायचे आणि सोमवारी पहाटे निघायचे. खांद्याला पोत्याचे घट्टे पडले होते. आई तेल चोळताना काही विनोद करायची नाही, तेव्हा मला कळायचं की फार दुखत असणार.

सरांनी बुधवारी आमच्या रस्त्याचे आकडे पाठवलेच नव्हते, फेरमोजणीसाठी बाजूला ठेवले होते आणि तोवर गाडी चालू ठेवायला खात्यामार्फत डेपोला कळवलं होतं, हे नंतर समजलं. चारी सुकल्यावर, संक्रांतीच्या पुढं, ते ट्रक आणि दांडी घेऊन खरंच आले. कारखाना भरात होता, तरी गाव असं घाबरलेलं की त्या दिवशी कुणी सायकलसुद्धा बाहेर काढेना. सर्जेराव घरोघर ओरडत फिरले, "आरं, रोजच्यासारखं फिरा की! आता उलटा घोळ घालताय का?" सर त्यावर हसले, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. नंतर सर्जेरावांनी सरांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, ते मला अंदाजानं कळलं. बाजूला नेऊन सांगितलं, याचाच मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

रस्ता थराच्या वयातच निघाला. पुरवणी यादीत त्याचं नाव गेलं, रस्ता होणार असं खात्यानं डेपोला कळवलं आणि मच्छिंद्रमामानं ती खिळखिळी गाडी कशीबशी उन्हाळ्यापर्यंत ओढली. मे महिन्यात डांबराच्या गाड्या आल्या. पाबळच्या मुलाचं लग्न तोवर दुसरीकडं ठरलं. त्याला माझ्या शुभेच्छा मनापासून होत्या.

नव्या रस्त्यावरून गाडी पहिल्यांदा निघाली ती एका सोमवारी. माझा बारावीचा निकाल लागला होता आणि मी डी.एड.चा अर्ज आणायला शिरूरला चालले होते. आप्पा दौंडला निघाले होते, फाट्यापर्यंत त्याच गाडीनं. सुली न सांगता मागच्या सीटवर गेली आणि आप्पा माझ्याशेजारी बसले. त्या गाडीत इतक्या वर्षांत मी कुणाचं बोलणं धड ऐकलं नव्हतं. पत्रे, काचा, सीटा, सगळं वाजायचं. त्या दिवशी काही वाजलं नाही. मागं कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. मच्छिंद्रमामा आरशातून आमच्याकडं बघून हसला.

मी म्हणाले, "आप्पा, एक विचारू? गाडी खरंच बंद झाली असती, तर माझं कॉलेज सोडवलं असतंत तुम्ही?"

मला 'न्हाई' ऐकायचं होतं. एवढं केलेला माणूस 'न्हाई' म्हणणार याची मला खात्रीच होती.

"व्हय," आप्पा म्हणाले.

"सोडवलं असतंत?" मी पुन्हा विचारलं.

"सोडवलंच आसतं," ते म्हणाले. "भाऊबंद बोलले आसते, पावनं बोलले आसते. त्या सगळ्यांफुडं रोज उठून हुबं ऱ्हायाचा दम माज्यात न्हाई, बाय. एक डाव हुबं ऱ्हायाचा व्हता. म्हून तवाच उठलो."

फाटा आला. आप्पांनी पिशवी उचलली, मच्छिंद्रमामाला रामराम नव्हे, नेहमीचा जयभीम केला आणि उतरून रस्ता ओलांडून दौंडच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. आमची गाडी शिरूरकडं वळली. मला खूप रडू आलं आणि सुली मागच्या सीटवरून उठून माझ्याशेजारी येऊन बसली.